नऊ सामने जिंकलेला माणूस

आमच्या शेजारच्या आजोबांनी या उन्हाळ्यात त्यांची फुटबॉलची दोन सीझन तिकिटं आम्ही घेतो का असं विचारलं. त्याचं उत्तर द्यायला मला तीन आठवडे लागले. का लागले, तेच आज लिहितेय.

आधी भारतातल्या मंडळींसाठी थोडं. (आत्या, फुटबॉल म्हणजे तू समजतेस तो नाही. हा लांबट चेंडूचा, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा.) नेब्रास्का राज्याची लोकवस्ती वीस लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या पुण्यात याहून जास्त माणसं राहतात. बेसबॉल, बास्केटबॉल, फुटबॉल, कशाचाच मोठा व्यावसायिक संघ या राज्यात नाही. जे काही आहे ते म्हणजे लिंकनच्या विद्यापीठाचा हा संघ, 'कॉर्नहस्कर्स'. मक्याची कणसं सोलणारे! सामन्याच्या शनिवारी मेमोरियल स्टेडियममध्ये पंचाऐंशी हजारांच्या वर माणसं बसतात, आणि तेवढ्या वेळापुरतं ते राज्यातलं तिसऱ्या क्रमांकाचं शहर होतं. १९६२ पासून इथला एकही सामना 'हाऊसफुल्ल' झाल्याशिवाय राहिलेला नाही, निदान अधिकृत नोंद तरी तसं सांगते. (अलीकडे उरलेली तिकिटं कुणी दानशूर घेतात आणि गरजू मुलांना वाटतात, पण मालिका तुटू देत नाहीत.) तेव्हा इथलं सीझन तिकीट म्हणजे आपल्याकडची पागडीची खोली समजा. बापाकडून मुलाकडे जाते, आणि भाऊ-भाऊ त्यावरून भांडतात.

आजोबांची तिकिटं १९६४ पासूनची. त्यांना आम्ही घरात 'आजोबा' म्हणतो, तोंडावर अर्थात नावानेच, इथे तसंच असतं. आधी दोनेक तासांवर मका-सोयाबीनची शेती होती, ती विकून ते लिंकनला आले. आजी गेल्या त्याला आता दहा वर्षं होतील. मुलगा अ‍ॅरिझोनात, त्याला तिकिटं नकोत. आजोबांच्या गुडघ्यांना आता स्टेडियमच्या पायऱ्या होत नाहीत. म्हणून ते आमच्याकडे आले.

आम्ही १९९८ च्या ऑगस्टमध्ये इथे आलो. हे वर्ष मुद्दाम सांगतेय, कारण तो फ्रँक सॉलिचचा कोच म्हणून पहिलाच हंगाम. म्हणजे इथल्या लोकांच्या भाषेत आम्ही 'नंतर' आलो. आधीचं आम्ही काही पाहिलेलं नाही. बॉब डिव्हेनीने १९७० आणि १९७१ साली राष्ट्रीय अजिंक्यपद आणलं ते नाही. आणि त्याच्यानंतर आलेल्या टॉम ऑसबोर्नची पंचवीस वर्षंही नाहीत. १९७३ ते १९९७ या काळात २५५ विजय, आणि एकाही वर्षी नवापेक्षा कमी नाहीत. शेवटच्या पाच हंगामांत ६० विजय, ३ पराभव, तीन अजिंक्यपदं (त्यातलं १९९७ चं मिशिगनबरोबर वाटून). आम्ही पोचलो तेव्हा जेवण उरकलं होतं, फक्त वास दरवळत होता.

पाहिला तो ऱ्हास. सत्तावीस वर्षं. आणि सत्तावीस वर्षं दर शरद ऋतूत आजोबांच्या गॅरेजमध्ये तोच वाद ऐकतेय. संघ बाहेरगावी खेळायला गेला की गॅरेजमध्ये टीव्ही लावतात, मोठ्या पातेल्यात चिली असते आणि तिच्याबरोबर दालचिनीचे गोड रोल. (हो, तिखट चिलीबरोबर गोड रोल. शाळेच्या डब्यातही इथे हेच देतात. मीही पहिल्यांदा तोंड वाकडं केलं होतं, आता आमच्या घरीही तसंच करते.) दुसऱ्या क्वार्टरमध्ये कुणीतरी चेंडू हातातून सोडतो, आणि कुणीतरी म्हणतं, "सॉलिचला काढायला नको होतं."

झालं. पुढचे दोन तास सामना कुणी बघत नाही.

तर सॉलिचची गोष्ट अशी. हा डिव्हेनीच्या हाताखाली खेळलेला, ऑसबोर्नच्या हाताखाली वर्षानुवर्षं सहायक कोच राहिलेला, ऑसबोर्नने स्वतः निवडलेला वारस. २००१ साली त्याने संघाला अजिंक्यपदाच्या सामन्यापर्यंत नेलं, तिथे मायामीने ३७-१४ असा धुव्वा उडवला. २००२ साली ७ विजय, ७ पराभव. सलग चाळीस वर्षं संघाचे विजय पराभवांपेक्षा जास्त होते, ती मालिका तुटली. २००३ मध्ये त्याने सावरलं, बारापैकी नऊ जिंकले. शेवटचा सामना कोलोरॅडोविरुद्ध जिंकला आणि दुसऱ्या दिवशी क्रीडा विभागाचा संचालक स्टीव्ह पीडरसन याने त्याला काढून टाकलं. संघ सुमारपणाकडे घसरू द्यायचा नाही, असं कारण दिलं.

पुढच्याच वर्षी नवे कोच बिल कॅलाहन ५-६ वर संपले. १९६१ नंतरचा पहिला तोट्याचा हंगाम. त्यात टेक्सास टेकने ७०-१० असं हरवलं. त्या रात्री आमच्या रस्त्यावर कुणी मेल्यासारखी शांतता होती.

आजोबांचं म्हणणं, पाप तिथे झालं, पुढचं सगळं त्याचं फळ. त्यांचे जावई म्हणतात, नाही हो, २०११ मध्ये आपण जुनी लीग सोडून बिग टेनमध्ये गेलो, टेक्सासची मुलं यायची बंद झाली, तिथे संपलं. कोपऱ्यावरच्या निवृत्त मास्तरांचा जीव बो पेलिनीवर. सात वर्षं, दरवर्षी निदान नऊ विजय, तरी २०१४ मध्ये त्यालाही काढलं. त्याचं तोंड खराब होतं, मोठ्या सामन्यांत तो दाणकन आपटायचा (२०१२ मध्ये विस्कॉन्सिनकडून ७०-३१), हे सगळं खरं. पण नऊ विजय म्हणजे काय ते आता कळतंय, असं मास्तर म्हणतात. २०१६ नंतर एकदाही नऊ झालेले नाहीत.

माझे बाबा २००७ च्या ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे आले होते. बाबा दादरचे, आयुष्य शिवाजी पार्कवर क्रिकेट बघण्यात गेलेलं. आजोबांनी त्यांना एका शनिवारी स्वतःबरोबर नेलं. ओक्लाहोमा स्टेट ४५, नेब्रास्का १४! दोनच दिवसांनी पीडरसनची हकालपट्टी, आणि त्याच्या जागी संचालक म्हणून कोण, तर खुद्द ऑसबोर्न. गाव आनंदाने वेडं झालं होतं. बाबांना खेळ कणभरही कळला नव्हता, पण बाकीचं सगळं बरोबर कळलं. म्हणाले, "अगं, मुंबईने लागोपाठ पंधरा वर्षं रणजी जिंकली, त्याचं हेच झालं. तेव्हापासून मुंबई एखादी मॅच हरली की आमच्या कट्ट्यावर आधी गुन्हेगार शोधतात, मग स्कोअर विचारतात."

मला स्वतःला काय वाटतं? सत्तावीस वर्षं चिली खाल्ल्यावर मत असायला हरकत नसावी. :-)

सॉलिचला काढणं चूक होती. पण ऱ्हासाचं कारण ते नाही. हे आजोबांसमोर मी एकदाच बोलले.

थोडा विचार करा. एवढ्याशा राज्याचा संघ तीस-चाळीस वर्षं देशात वरच्या रांगेत राहिलाच कसा? डिव्हेनीने १९६९ मध्ये बॉयड एप्ली नावाच्या माणसाला फक्त खेळाडूंच्या व्यायामासाठी नेमलं. वजनं उचलून घ्यायची, ताकद वाढवायची. तेव्हा बाकीच्या विद्यापीठांत असं स्वतंत्र कुणी नसायचं. मग सगळ्यांनी उचललं. शिष्यवृत्ती नसताना केवळ संघात असावं म्हणून येणारी शेतकऱ्यांची मुलं, 'वॉक-ऑन', इथे शेकड्याने घडली. त्यांच्यामुळे सरावाला माणसांची कधी वाण नव्हती. टीव्हीवर सामने मोजकेच दिसायचे, त्यात नेब्रास्का असायचं. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ती मक्तेदारी मोडली, आणि हळूहळू सगळेच टीव्हीवर आले. अभ्यासात जेमतेम बसणाऱ्या मुलांना घ्यायची जी मोकळीक होती ती १९९६ मध्ये बिग ट्वेल्व्ह लीग झाल्यावर आवळली गेली. म्हणजे एक एक करून सगळ्या वाटा बंद झाल्या, किंवा सगळ्यांना खुल्या झाल्या, एकच. ऑसबोर्न गेला तेव्हा उतार सुरूच झाला होता. सॉलिच नसता, आणखी कुणी असता, तरी उतरावं लागलंच असतं.

फरक एवढाच, की सॉलिचबरोबर आपण चालत उतरलो असतो. त्याला काढून आपण उडी मारली. नव्या माणसाने जुनं सगळं मोडलं, आणि मग दर तीन-चार-सात वर्षांनी पुन्हा नवा माणूस, पुन्हा मोडतोड. पाच पूर्णवेळ कोच झाले सॉलिचनंतर. आणि सॉलिच? तो ओहायो विद्यापीठात गेला, २००५ पासून सोळा हंगाम राहिला, त्या लीगमध्ये सर्वात जास्त सामने जिंकलेला कोच होऊन निवृत्त झाला.

गॅरेजमध्ये ऑसबोर्नचं नाव फूटपट्टीसारखं वापरतात. पण पट्टीचा पहिला इंच कुणी बघत नाही. ओक्लाहोमाशी पहिले पाच सामने तो लागोपाठ हरला. १९७८ नंतर कंटाळून कोलोरॅडोची नोकरी बघायला गेला होता. १९८४ च्या जानेवारीत मायामीविरुद्ध एका गुणाने मागे असताना बरोबरी साधून अजिंक्यपद जवळजवळ खिशात घालता आलं असतं, त्याने जिंकायचा डाव खेळला आणि ३१-३० ने हरला. पुढे लागोपाठ सात वर्षं हंगामाचा शेवटचा बोल सामना हरला. पहिलं अजिंक्यपद बाविसाव्या हंगामात! आजच्या गॅरेजने त्याला सहाव्यात घरी पाठवलं असतं. हे ऐकलं की आजोबा म्हणतात, "तेव्हा आम्ही थांबायचो." मग थोडं थांबून, "तसे शिव्या देतच थांबायचो."

इथपर्यंत आमचं बरं चालतं. पुढचं बरं चालत नाही.

ज्या संघाला इथे सर्वश्रेष्ठ मानतात तो १९९५ चा. त्या सप्टेंबरमध्ये संघाचा अव्वल रनिंग बॅक लॉरेन्स फिलिप्स याने आपल्या पूर्वीच्या मैत्रिणीला मारहाण केली, केसांना धरून जिन्यावरून ओढत खाली नेलं. तीही इथलीच विद्यार्थिनी, बास्केटबॉल खेळणारी. फिलिप्सला अटक झाली. ऑसबोर्नने त्याला सहा सामने बाहेर ठेवलं आणि मग परत घेतलं. त्याचं म्हणणं, हा मुलगा अनाथाश्रमांसारख्या घरांतून वाढलाय, फुटबॉल हीच त्याच्या आयुष्यातली एकमेव शिस्त, ती काढून घेतली तर तो बुडेल. मला ते अगदीच खोटं वाटत नाही. ऑसबोर्न त्या मुलांसाठी खरंच जीव टाकायचा, हे इथे शत्रूही सांगतात. पण त्या जानेवारीत फ्लोरिडाला ६२-२४ असं हरवताना फिलिप्स मैदानात होता, आणि ती मुलगी कुठे होती याचा विचार पंचाऐंशी हजारांतल्या किती जणांनी केला?

२०१६ च्या जानेवारीत फिलिप्स कॅलिफोर्नियाच्या तुरुंगात मेला. बातमी आली त्या संध्याकाळी आजोबांकडे बसलो होतो. ते हळहळले, म्हणाले, कोचने किती प्रयत्न केले बिचाऱ्यासाठी. आणि मी बोलून गेले. म्हणाले, तुम्हाला ते दिवस परत हवेत ना? मग ते सगळेच परत घ्यावे लागतील, तो जिनाही. आणि सुमारपणा म्हणाल तर मला तो त्या वर्षी दिसतो, ७०-१० च्या दिवशी नाही.

आजी जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्या माणसाचे चांगले दिवस म्हणजे आजी शेजारच्या सीटवर असलेले दिवस, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं. त्यानंतर तो सगळा हिवाळा ते आमच्याशी बोलले नाहीत. बर्फ काढताना मान हलवायचे, तेवढंच.

मार्चमध्ये एकदा मी पोस्ट आणायला बाहेर गेले तर ते फाटकाशी उभे. इकडचं तिकडचं काही नाही, सरळ म्हणाले, "तो परत आला ना, नोव्हेंबरमध्ये, घरच्या सामन्याला... मी उभा राहून टाळ्या वाजवल्या होत्या. ही बसून राहिली होती." मग म्हणाले, "मी तिला विचारलंही नाही का ते."

मी काय बोलणार? दोघं थोडा वेळ मक्याच्या भावाबद्दल बोललो.

यानंतर आमच्यात मी म्हणेन की जास्त बरं चाललं. २०१७ च्या डिसेंबरमध्ये स्कॉट फ्रॉस्ट कोच म्हणून परत आला तेव्हा सगळं गाव पुन्हा वेडं झालं. वूड रिव्हरसारख्या छोट्या गावातला इथलाच मुलगा, १९९७ च्या अजिंक्य संघाचा क्वार्टरबॅक, फ्लोरिडात एका संघाला अपराजित ठेवून आलेला. आजोबांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तेव्हाच वाईट वाटलं, त्या मुलासाठी. त्याच्याकडून कुणी नवा संघ मागत नव्हतं, १९९७ मागत होतं. एकूण १६ विजय, ३१ पराभव. थोडक्यात सुटलेल्या सामन्यांत ५ विजय आणि २२ पराभव, म्हणजे दर वेळी दारापर्यंत येऊन आपटायचं. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये जॉर्जिया सदर्नकडून हरल्यावर दुसऱ्या दिवशी काढला. तीन आठवडे थांबले असते तर करार मोडायचे दीड कोटी डॉलर निम्म्यावर आले असते, पण तेवढंही कुणाला थांबवलं नाही. आजोबा त्या दिवशी गॅरेजमध्ये टीव्ही बंद करून बसले होते.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये, स्प्रिंग गेमच्या वेळी, सॉलिचला विद्यापीठाने बोलावून सत्कार केला. जवळजवळ वीस वर्षांनी. आजोबांच्या पायऱ्या चढण्याचं ते जवळजवळ शेवटचंच वर्ष. मी बरोबर गेले होते. टाळ्या वाजवताना ते माझ्याकडे बघून म्हणाले, "हा चालेल ना?" मी म्हटलं, हा चालेल.

आता तिकिटांचं. माझा मुलगा २००२ चा, म्हणजे चाळीस वर्षांची मालिका तुटली त्याच शरद ऋतूतला. त्याने जिंकणारा संघ कधी पाहिलेलाच नाही. तरी लाल शर्ट घालून दर शनिवारी तयार. त्याला तिकिटं हवीच होती. अडत होते ती मी. वर्षाला एवढे पैसे, हे एक. दुसरं म्हणजे, दुसऱ्यांच्या भूतकाळासाठी झुरायची सवय माझ्या पोराला कशाला, असं वाटत होतं. शिवाय खेळही बदललाय. २०२१ पासून खेळाडूंना नावाचे पैसे मिळतात (मिळायलाच हवेत, इतकी वर्षं कोचच कोट्यधीश होत होते), मुलं दरवर्षी विद्यापीठ बदलतात, आणि २०२५ च्या तडजोडीनंतर संघात १०५ च मुलं ठेवायची मर्यादा आली, त्यात ते वॉक-ऑन शेतकऱ्यांचे मुलगे आधी कापले जाणार. मग राहिलं काय?

मुलाला मी हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "आई, तू गॅरेजमधल्यासारखीच बोलतेयस."

हे मात्र खरं होतं. मॅट रूलने २०२४ मध्ये सहा सामने जिंकून संघाला आठ वर्षांनी बोल सामन्याला नेलं, आणि तोही जिंकला, बॉस्टन कॉलेजविरुद्ध २०-१५. मुलगा आणि त्याचे मित्र त्या रात्री नाचत होते. सात विजयांवर! गॅरेजमधले सगळे ओशाळल्यासारखे हसत होते, आणि मीही त्यांच्यातच बसून मनात नऊ मोजत होते.

मागच्या रविवारी तिकिटं घ्यायला गेलो. नाव अजून आजोबांचंच राहील, पैसे आम्ही भरू, असं ठरलं. त्यांनी आतून बसायच्या दोन लाल गाद्या आणल्या. एक बरीच झिजलेली, एक त्या मानाने नवीच. मुलगा झिजलेली घेत होता तर त्यांनी ती त्याच्या हातातून काढून मला दिली. "ही तुझी. तिची होती."

पहिला घरचा सामना शनिवारी आहे. चिली मी करणार आहे, रोल आजोबांचे जावई आणणार आहेत, आणि आम्ही परत येईपर्यंत टीव्हीवर काय दिसलं ते कुणीही फोन करून सांगायचं नाही, असं आजोबांनी बजावलंय.